तीन भेटींत न सापडलेली

तुमच्या आजोबांचं पाणी मी सात वर्षं मोजलं. रोज सकाळी एका तांब्यात दिवसभराचं पाणी भरून ठेवायचं. चहा त्यातूनच, गोळ्या गिळायला घोट त्यातूनच, आमटी पातळ झाली तर तेवढं त्यातून वजा. संध्याकाळी उरलेलं मोजून वहीत लिहायचं. आठवड्यातून तीन दिवस आम्ही ड्रायव्हर बोलावून कल्याणला डायलिसिसला जायचो. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा त्यांच्या हातावरच्या, डायलिसिसच्या सुईसाठी फुगवलेल्या नसेला बोट लावून पाहायचात आणि आत मांजर गुरगुरतंय म्हणून हसायचात. डॉक्टर मला म्हणत, बाई, तुमच्या शिस्तीवर हा माणूस चाललाय. मी ते खरं मानलं. आजही मानते. पण पुढे जे झालं तेही याच शिस्तीने झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

गेल्या महिन्यात तुम्ही मला एका अहवालाचा दुवा पाठवलात आणि खाली लिहिलंत, ‘आजी, तू फेमस झालीस!’ त्या परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर माझा फोटो आहे, चष्मा नाकावर, मांडीवर फाइल. अहवालातला प्रत्येक आकडा खरा आहे. तो मीच दोनदा तपासला होता. पण त्यात एक बाई नाही. ती का नाही, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं. मराठीत लिहिते आहे, तुम्हाला वाचायला वेळ लागेल तरी. अनुदानाचा अर्ज मी इंग्रजीत लिहिला होता, आणि इंग्रजीत मला फार सफाईने लिहिता येतं.

आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शहापुरात ती बायकांची एक लहानशी संस्था चालवते. तिने सांगितलं की परदेशातली एक संस्था मूत्रपिंडाच्या आजारावर गावपातळीवर काम करणाऱ्यांना अनुदान देते. जिथे उपचार लांब आहेत, तिथल्या लोकांसाठी. “मॅडम, अर्ज तुम्हीच लिहायचा. आमच्या इंग्रजीला ते हसतील.”

मी तीन आठवडे बसून अर्ज लिहिला. डायलिसिसला आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर मुरबाडकडचा एक गवंडी असायचा. आम्ही गाडीतून उतरायचो, तो दोन गाड्या बदलून, उपाशीपोटी आलेला असायचा. एका पावसाळ्यात त्याचं येणं थांबलं. त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. त्याचा आजार आणि आजोबांचा आजार एकच होता, फक्त त्याचं घर रस्त्यापासून आत होतं. हे मी अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घातलं. लिहिताना रडले, आणि मग दोन विशेषणं काढून टाकली.

अर्जात एक प्रश्न होता. तुमची लाभार्थ्यांची यादी अचूक राहील याची खात्री काय? अनुदान कागदावरच्या माणसांवर खर्च होऊ नये, ही त्यांची काळजी रास्त होती. मी लिहिलं की प्रत्येक गावाची वेगळी यादी असेल, प्रत्येक घराला महिन्यातून एकदा भेट दिली जाईल, आणि लागोपाठ तीन भेटींत जी व्यक्ती सापडणार नाही तिचं नाव यादीतून वगळण्यात येईल. इंग्रजीत ते वाक्य फार नेटकं झालं होतं. अनुदान मंजूर झालं तेव्हा त्यांच्या पत्रात या नियमाचं खास कौतुक होतं. विद्यार्थिनीने पेढे आणले. मी ते वाक्य पुन्हा वाचून पाहिलं आणि मला समाधान वाटलं.

म्हणजे तो नियम त्यांनी आमच्यावर लादला नव्हता. तो माझा होता.

शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतली काही गावं आम्ही घेतली. शेणव्याकडच्या गावांना आणि वाड्यांना माझ्याबरोबर तिथल्या आशाताई असायच्या. सरकारने गावोगाव नेमलेल्या आरोग्यसेविकांपैकी त्या एक. चाळिशीच्या, सडसडीत, चालायला लागल्या की मला धापा टाकायला लावणाऱ्या. काम सोपं होतं. लघवीत कागदाची एक पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर लघवीतून नको ते जातंय, मूत्रपिंडाला इजा होते आहे. मग रक्तदाब पाहायचा, रक्त तपासायला द्यायचं, डॉक्टर येऊन गोळ्या लिहून देत, त्या आम्ही दर महिन्याला घरपोच द्यायच्या. आणि सगळ्यांना एकच गोष्ट घसा बसेपर्यंत सांगायची, अंगदुखीवर दुकानातल्या गोळ्या रोज खाऊ नका, त्यांनीही मूत्रपिंड बिघडतं.

पहिली फेरी भाद्रपदात झाली. शेणव्याच्या पुढे गावाच्या कडेला एक वाडी आहे, पंधरा-वीस कुडाची घरं. तिथल्या माणसांपैकी कुणाचीच जमीन नाही. तिथेच मला ती भेटली. वय तिला ठाऊक नव्हतं. तिशीची असेल, दोन मुली, नवरा, आणि आई. पावसाळ्यात खेकडे आणि रानभाज्या घेऊन शहापूरच्या बाजारात बसायची. मी तिच्याकडून कधीतरी भाजी घेतली असेल, पण मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

“बाय, तू ती ना, दहा वेळा जुडी उलटीपालटी करून बघतेस आनि मग घेतेस?”

मी तिला प्लॅस्टिकची डबी दिली आणि काय करायचं ते सांगितलं. ती डबी हातात धरून मोठ्याने हसली. मागे बसलेल्या बायकाही हसल्या.

“एवढी शिकलीस, आनि शेवटी आमचं मूत गोळा करतेस? घरी काय बोलले नाय तुला कोन?”

“घरी बोलायला कुणी नाही आता,” मी म्हटलं.

ती हसायची थांबली. डबी घेऊन गेली आणि मुकाट भरून आणली. तिची पट्टी हिरवी झाली. नुसती हिरवट नाही, पेरूच्या पानासारखी. रक्तदाबही जास्त होता. डॉक्टरांनी सांगितलं, अजून वेळ गेलेली नाही, पण गोळी एक दिवस चुकवायची नाही आणि दर महिन्याला तपासायचं. मी तिचं नाव यादीत लिहिलं, पुढे लाल खूण केली. एक महिन्याच्या गोळ्या दिल्या.

“दुखत नाय, खुपत नाय, आनि गोळी कशाला?” तिने विचारलं.

“दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल. माझ्या नवऱ्याचं तसंच झालं.”

“मग खाते. पन भट्टीवर आमी लाल गोळी खातो, त्याचं काय?”

भट्टी म्हणजे विटांची भट्टी. दिवाळी झाली की त्या वाडीतली माणसं सहकुटुंब भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दिवसभर उन्हात आणि धगीत विटा वाहायच्या, पाणी कमी, आणि अंग दुखतं म्हणून मुकादम चहाबरोबर लाल गोळी देतो. तिने सांगितलं की ती गोळी खाल्ली की संध्याकाळपर्यंत पाठ आहे की नाही ते कळत नाही. मी तिला ती गोळी बंद करायला सांगितली. ती हो म्हणाली. तुझ्या पाठीवर विटा नाहीत, असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आता माझी चूक नीट लिहिते. माणसं दिवाळीनंतर जातात हे मला तिथेच, तिच्या तोंडून कळलं होतं. त्याआधीही माहीत असायला हवं होतं, मी शहापुरात चाळीस वर्षं राहते. पण अर्ज लिहिताना मी वर्ष शाळा-कॉलेजाच्या वर्षासारखं धरलं होतं, पहिल्या महिन्यापासून बाराव्यापर्यंत सलग. वाडीचं वर्ष मधोमध तुटतं, हे माझ्या भेटींच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. कळल्यावरही मी तक्ता बदलला नाही. मंजूर झालेला तक्ता बदलत नाहीत, असं मला वाटत होतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या भेटीला वाडीत गेलो तर बहुतेक दारांना बाहेरून काटकी आडवी लावलेली. दोन म्हाताऱ्या, एक आजारी माणूस, आणि कोंबड्या. मी यादी उघडून एकेक नाव वाचायला लागले. आशाताईंनी पदर तोंडाला लावला.

“मॅडम, कॉलेजात हजेरी घेत होता तशी हितं घेऊ नका. कोंबड्या ‘प्रेझेंट’ म्हनतील.”

मीही हसले. आणि प्रत्येक नावापुढे ‘अनुपस्थित’ लिहिलं.

तिची आई तिथेच होती. म्हातारी वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिने सांगितलं की लेक म्हशाच्या अलीकडे भट्टीवर आहे. म्हणजे मुरबाड तालुक्यात, गाडीने दीड-दोन तासांवर. दसऱ्याच्या सुमारास दिलेल्या गोळ्या घेऊन गेली आहे, संपल्या असतील.

परतताना आशाताई म्हणाल्या, “आपली गाडी दर गुरवारी म्हशाकडं जातेच ना? तिच्या गोळ्या देऊ का पाठवून?”

“म्हशाची यादी वेगळी आहे,” मी म्हटलं. “तिचं नाव शेणव्याच्या यादीत आहे. एक माणूस दोन याद्यांत आला की गोंधळ होतो.”

“मानूस तर एकच हाय, मॅडम.”

मला वाटलं, यांना नोंदींचं महत्त्व कळत नाही.

दुसऱ्या भेटीलाही ती नव्हती. तिसऱ्या भेटीनंतर मी घरी टेबलाशी बसले, रेघा मारायची फूटपट्टी घेतली आणि वाडीतल्या निम्म्याहून जास्त नावांवर सरळ रेघ मारली. तिच्या नावावर मारताना हात थांबला का, असं तुम्ही विचाराल. थांबला. लाल खूण दिसली म्हणून थांबला. मग मला वाटलं, एकीसाठी नियम मोडला तर बाकीच्यांवर अन्याय होईल. हे मी स्वतःशी मराठीत म्हटलं की इंग्रजीत, आठवत नाही.

पौषात म्हशाची जत्रा असते. गुरांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे तंबू, पाळणे, माणूस माणसाला दिसत नाही इतकी धूळ. भट्ट्यांवरच्या माणसांना त्या दिवसांत एखाद्या दिवसाची सुट्टी मिळते. आम्ही तिथे एक लहान मांडव टाकला होता, चित्रांचे फलक लावले होते. म्हशाकडच्या यादीतली जी माणसं जत्रेला येतील त्यांच्या पट्ट्याही तिथेच करायच्या, म्हणून पट्ट्यांची बाटली बरोबर होती. प्रत्येक पट्टी नावानिशी वापरायची आणि तसा हिशेब द्यायचा होता. आशाताई मदतीला आल्या होत्या.

दुपारी मांडवासमोर एक बाई येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही. चेहरा सुजलेला, डोळे बारीक झालेले.

“काय बाय, दुकान मांडलंस? काय विकतेस?”

आवाजावरून ओळखलं. “विकत काही नाही. माहिती देते.”

“माहिती तोंडी लावायला बरी लागते का भाकरीला?” आशाताईंकडे बघून ती हसली आणि बाकावर बसली. मग मनगट पुढे केलं. काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. “बांगड्या घ्यायला आले गो. ह्या निघत नाय नि दुसऱ्या चढत नाय. भट्टीवर जाडी झाले मी. नवरा बोलतो, मुकादम तुलाच जास्त जेवन घालतो.”

मी तिला पाय बाकावर घ्यायला सांगितलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. सात वर्षं मी रोज सकाळी आजोबांच्या पायावर असाच अंगठा दाबत होते. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

“गोळ्या?”

“तू दिलेल्या कधीच सरल्या. मी वाट बघत व्हते. मुकादमाची खाते, लाल.”

“तुला सांगितलं होतं ना ती खायची नाही?”

“सांगितलं व्हतंस. विटा कोन उचलनार व्हतं, तू?”

आशाताईंनी पट्ट्यांची बाटली हातात घेतली होती. झाकण उघडू का, म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, “हिचं नाव यादीतून निघालंय. आधी परत नोंद करावी लागेल, आणि ती वाडीतच करता येईल.”

“एक पट्टी हाय, मॅडम.”

“ती कुणाच्या नावावर लिहू?”

आशाताईंनी बाटली खाली ठेवली. मी तिला सांगितलं की उद्याच्या उद्या मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात जा, अंगावर काढू नकोस. ती म्हणाली की उद्या भट्टी भरायची आहे, मुकादम सोडणार नाही. “शिमग्याला घरी येशीलच ना?” मी विचारलं. “तेव्हा मी वाडीवर येते, तुझं नाव परत घालते, सगळं नीट सुरू करू.” तिने मान हलवली. मी तिला माहितीपत्रक दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते नीट घडी करून कमरेला खोचलं, कारण मी दिलं होतं. मग ती बांगडीवाल्याच्या गर्दीत गेली.

पुष्कळदा मी स्वतःशी वाद घालते. गोळ्या दिल्या नाहीत ते बरोबर होतं, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या स्थितीत गोळ्या देऊ नयेत. पण पट्टीने कुणाचं काय बिघडलं असतं? पट्टी हिरवीगार झाली असती, आशाताई तिला हाताला धरून गाडीत घालत्या, मुकादम बोंबलत बसला असता. नंतर तिला ज्या मोठ्या इस्पितळात नेलं तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं की पौषात आणली असती तर वाचली असती का. ते तरुण होते, सज्जन होते. म्हणाले, सांगता येत नाही. मी त्यांच्यापुढे तशीच उभी राहिले, तेव्हा म्हणाले, “पण संधी होती.”

शिमग्याच्या आधीच तिला मुरबाडच्या दवाखान्यात आणलं. विटांच्या टेम्पोतून, श्वास लागलेला. मुरबाडहून पुढे, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी मोठ्या इस्पितळातलं डायलिसिसचं मशीन. सरकारी योजनेत डायलिसिस फुकट झालं. ती घरी परतली ती आठवड्यातून दोनदा तिथे जायचं या अटीवर. वाडीतून शेणव्यापर्यंत पायी, तिथून जीप, शहापूर, आसनगाव स्टेशन, मग लोकल. नवरा बरोबर गेला की त्याचा रोज बुडतो. आई गेली की मुलींना कोण बघणार?

मी त्या परदेशी संस्थेला लिहिलं. प्रकल्पाच्या गाडीतून एका यादीबाहेरच्या रोग्याला नेण्याची परवानगी मागितली. बारा दिवसांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य. त्यांना वाईट वाटलं होतं. आपल्या मंजूर निकषांनुसार ही व्यक्ती कशी पात्र ठरते ते कृपया स्पष्ट करावं, असं त्यांनी विचारलं होतं, आणि सोबत अर्जातलं ते वाक्य जोडलं होतं.

म्हणून मी आजोबांच्या वेळच्याच ड्रायव्हरला बोलावलं. तुम्ही गेल्या उन्हाळ्यात फोनवर विचारायचात ना, आजी, मंगळवारी आणि शुक्रवारी तू कुठे असतेस? मी तिच्याबरोबर असायचे. तिला गाडीतली थंड हवा आवडत नसे, काच खाली करायला लावायची. वाटेत दिसेल त्या झाडावर काही ना काही बोलायची. माझ्या हातची इडली तिला कच्ची वाटायची.

एकदा परतताना तिने विचारलं, “तुझ्या म्हाताऱ्यानं किती वर्सं केलं हे?”

“सात.”

“सात वर्सं! दोन दिवसांआड?” ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. “मंग त्यानं बाकीचं काय केलं?”

मी सांगितलं की पेपर वाचायचे, शब्दकोडी सोडवायचे, तुमच्याशी फोनवर बोलायचे. ती म्हणाली, “हां. तसं असल तर जमतं.”

आषाढात एका मंगळवारी मी गाडी घेऊन शेणव्याला गेले. ती रस्त्यावर आली नाही. मी चिखलातून वाडीत गेले. ती दाराशी बसली होती, पाय टोपलीएवढे. म्हणाली, “बाय, बस झालं. तू आपली घरी जा. तुझे बी गुडघे गेलेत.”

मी खूप बोलले. रागावले. कॉलेजात कधी रागावले नव्हते इतकी. तिने सगळं ऐकून घेतलं.

“दोन दिस जायचं, दोन दिस निजायचं, मधी दिसच नाय राहत. पोरींना मी दिसते तरी कधी? आता हाय तेवढी घरात हाय.”

तरीही मी श्रावणभर रोज आशाताईंकरवी निरोप देत राहिले. गाडी दोनदा नेऊन रिकामी आणली. गौरी बसायच्या आधी ती गेली.

अहवाल त्याच महिन्यात पूर्ण करायचा होता. यादीतल्या रोग्यांपैकी बहुतेक सगळ्यांनी गोळ्या नियमित घेतल्या, असं त्यात आलं. खरं आहे. ज्यांनी घेतल्या नाहीत ते यादीतच नव्हते. मी दुरुस्ती सुचवली, वगळलेल्यांची संख्या वेगळी द्यावी म्हटलं. विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, साच्यात तसा रकानाच नाही. आणि पुढचं अनुदान यावर आहे.” पुढच्या अनुदानात भट्ट्यांवर जाऊन तपासणी करायची असं तिने ठरवलं होतं, आणि ते चांगलंच होतं. मी सही केली. हेही तुम्हाला कळलं पाहिजे.

त्यानंतर आठवड्याने मी आशाताईंबरोबर वाडीत गेले. तिची आई कुडाला टेकून बसली होती. मुली आत होत्या, मोठी दहा-अकराची, धाकटी तिच्याहून दोन बोटं कमी. मी म्हातारीसमोर जमिनीवर बसले. येताना गाडीत मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले.

“मी तिचं नाव खोडलं होतं,” मी म्हटलं. “ती भट्टीवर होती तेव्हा. म्हणून गोळ्या गेल्या नाहीत.”

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. तिला ते नवीन नव्हतं, आशाताईंनी आधीच सांगितलं असावं.

“नाव खोडल्यानं कोन मरतं गो? गोळी नाय भेटली म्हनून मेली.”

तिने ते रागाने म्हटलं नाही. एखाद्याने हिशेबातली चूक दाखवावी तसं म्हटलं. मला रडू येत होतं, पण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

मी विचारलं, “मुलींच्या पट्ट्या करू? दोघींच्या. कधीकधी हा आजार आईकडून येतो. आत्ता कळलं तर पुष्कळ करता येतं.” या वेळी पट्ट्या मी स्वतः विकत घेतल्या होत्या. कुठल्याच यादीतल्या नव्हत्या.

“नाय.”

“कुठे लिहिणार नाही मी.”

“तू लिवल्याबिगर राहशील?” म्हातारी म्हणाली. “आईला झालं, आता पोरींना बी तपासलं, अशी बोंब झाली का संपलं. रक्तात हाय म्हनतील. कोन करील त्यांना? तू मेलीचं काय लिवायचं ते लिव. नाव नको घालूस. पोरींचं तर नकोच नको.”

आशाताई म्हणाल्या, “आजे, पोरी जगल्या तर लगीन होईल ना?”

“त्या जगतात. धावतात कशा बघ.”

मुली खरंच बाहेर आल्या होत्या आणि ओढ्याकडे पळत सुटल्या होत्या. मोठीच्या पायांकडे मी बघत राहिले. एवढ्या लांबून सूज आहे की नाही ते कळत नाही. म्हातारी माझी नजर कुठे आहे ते बघत होती. ती उठली आणि माझ्या आणि ओढ्याच्या मधे येऊन उभी राहिली, लुगड्याचा पदर झटकल्यासारखं करत.

त्यानंतर आम्ही तीनदा जाऊन आलो. म्हातारी दर वेळी चहा देते आणि नाही म्हणते. मागच्या खेपेला आशाताईंनी मोठीला रस्त्यात गाठून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “आजी सांगते, बाईला भेटू नको.” दिवाळी झाली की बाप त्या दोघींना घेऊन भट्टीवर जाणार आहे. कुठली भट्टी, ते या वेळी त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही.